उसनं दिलेलं संग्रहालय

वस्तू जपायची तर ती लोकांना वापरायला द्यावी, असं मानणारा संग्रहालयवाला अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि ते आमचे थोरले साडू. आंधळगावात पंचायतीने दिलेल्या एका खोलीत त्यांनी सात वर्षांत एकशे बारा वस्तू जमवल्या. आकडा पक्का आहे. वही मीच लिहीत असे. धान मोजायच्या लाकडी पायल्या, पाणी भरायचे तांब्याचे गुंड, दंडारीच्या खेळातल्या राजाची तलवार. वस्तू घेण्याआधी ते देणाऱ्याला बसवून तिची हकीकत ऐकत. एका व्यापाऱ्याने चांदीचा पानडबा आणला आणि नागपूरच्या बाजारातून घेतल्याचं सांगितलं. साडूंनी हात जोडले. "मंग यात आपल्या गावचं काय आहे जी?" त्याच दुपारी एका म्हातारीची फुटकी चाळणी मात्र त्यांनी तासभर तिची हकीकत ऐकून ठेवून घेतली.

लग्न निघालं की लोक गुंड मागायला येत, खेळ ठरला की तलवार. साडू देऊन टाकत. "फळीवर ठेवून का त्याले मोक्ष भेटते?"

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात पंचायतीला ती खोली खताच्या गोदामासाठी परत हवी झाली. संग्रहालय चालू दिसलं तरच खोली राहील, असं ठरलं. तालुक्याहून साहेब पाहायला येणार होते. मी पंधरा दिवस आधी बजावलं, की वस्तू परत मागवा.

"वैशाखात? लोकायच्या मांडवातून गुंड उचलून आणू का बापू?"

साहेब आले तेव्हा खोलीत एकोणीस वस्तू होत्या.

"बाकीच्या?"

"वापरात आहेत साहेब. चला, घरोघरी दाखवतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि 'खोली रिकामी' असा शेरा मारला.

खोली गेली. त्या एकोणीस वस्तूही साडूंनी गावात वाटल्या. मग दर रविवारी वही घेऊन ते सायकलने घरोघरी फिरत आणि कोणती वस्तू कुठे वापरात आहे ते पाहत. चार वर्षं हे चाललं. पाचव्या वर्षी ते वारले.

दिवस झाल्यावर मी वही घेऊन निघालो. सहाव्याच घरी गुंड नव्हता.

"बपेऱ्याले गेला, भाचीच्या लग्नात," घरची सून म्हणाली.

"परत येईल ना?"

"काहून नाही येणार जी? इकडचा गुंड तिकडं राह्यते का?"

वहीत खूण करायला मी पेन्सिल काढली आणि तशीच खिशात ठेवली. आकडा जुळत नव्हता. साडू असते तर खूश झाले असते.