ग्रॅममास्तरांचं वजन

भावजींनी गाडीच्या दारातून काढलेली एक लोखंडी पट्टी माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "किती असेल?"

मी गॅरेजमध्ये चहा प्यायला आले होते, परीक्षा द्यायला नव्हे. "शंभर ग्रॅम," मी ठोकून दिलं.

"एकशे बेचाळीस," ते म्हणाले, आणि लॉटरी लागल्यासारखे हसले. मग ती पट्टी त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला लटकवली. त्या भिंतीवर अशा पन्नासेक वस्तू लटकत होत्या. हीटरची नळी, रेडिओ, कप ठेवायचं कडं, सतरंजीचे तुकडे, मागच्या दिव्याचं एक झाकण. गाडीतून काढल्या आणि गाडीचं काही अडलं नाही, अशा सगळ्या.

हा माझ्या ताईचा नवरा. धंद्याने दातांचा कारागीर. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवतात आणि भावजी घरामागच्या खोलीत बसून कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवतात. मेण, प्लास्टर, गॅसची बारीक ज्योत आणि पेनाएवढं एक घासायचं मशीन. ज्या मशीनने ते कुणाच्यातरी आजीची दाढ घासतात, त्याच मशीनने गाडीच्या एखाद्या ब्रॅकेटचे कोपरे घासून सात ग्रॅम कमी करतात. दोन्ही कामांत जीभ सारखीच दातांत धरलेली असते.

गाडी लहानशी, दोन माणसांची, उघड्या टपाची, फिकट हिरवी. जमिनीला इतकी लागून की तिच्यात बसायचं नसतं, उतरायचं असतं. महिन्यातून एकदा शहराबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देतात. ती शर्यत नाही. कुणी कुणाला हरवत नाही, बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. आपण आपल्याच घड्याळाशी भांडायचं आणि संध्याकाळी टायर झिजवून घरी यायचं. बाकीचे लोक इंजिनाची ताकद वाढवतात. भावजींचा त्याला विरोध. ताकद फक्त सरळ रस्त्यावर कामाला येते, वजन कमी केलं की वळताना, थांबताना, निघताना, सगळीकडे फायदा होतो, असं ते कुणालाही धरून समजावतात. म्हणून ट्रॅकवर त्यांचं नाव पडलं ग्रॅममास्तर.

ताई शाळेत गणित शिकवते. ती म्हणायची, "हे माझ्याकडे टक लावून बघतात ना, तेव्हा मला वाटतं, आता हिचं काय काढून भिंतीवर टांगावं याचा विचार चाललाय." पण प्रत्येक ट्रॅकच्या दिवशी घड्याळ हातात धरून कठड्याशी तीच उभी असायची. आकडे चुकलेले तिला चालत नाहीत, आणि दुसऱ्या कुणी मोजलेले तर मुळीच नाहीत.

माझं सांगायचं तर मी शिवणकाम करते आणि माझा राग नाकावर असतो. आमचे वडील लवकर गेले. ताईचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि ताईच्या सामानाबरोबर मीही या घरात आले. त्याबद्दल भावजींनी एका शब्दाने कधी काही म्हटलं नाही. मी शिवलेला पहिला शर्ट त्यांचा. एक बाही चार बोटं लांब झाली होती. तो त्यांनी दोन वर्षं वापरला, तेवढा एक हात खिशात घालून. मला ओरडायचा अधिकार आहे तो ताईवर आणि गिऱ्हाइकांवर. भावजींवर ओरडायची वेळ मात्र त्यांनी कधी येऊ दिली नव्हती.

ट्रॅकवर घालायचा त्यांचा आगरोधक पोशाख मीच आवळून किंवा सैल करून देते. त्या कापडाने कात्रीची धार जाते आणि दोराही खास लागतो, म्हणून मी कुरकुरते, पण देते. आणखी एक वस्तू मी त्यांना शिवून दिली होती. गाडीचा तोल साधायचा म्हणजे चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात, प्रत्येक चाकावर किती भार येतो ते बघतात आणि त्याप्रमाणे स्प्रिंगा वरखाली करतात. हे सगळं करायचं ते चालवणारा आत बसलेला असताना, कारण इतक्या हलक्या गाडीत माणूस हा सगळ्यात जड भाग. पण भावजी आत बसले तर स्प्रिंग कोण फिरवणार? म्हणून मी जाड कॅनव्हासचा एक माणूस शिवला. धड, मांड्या, पोटऱ्या. त्यात त्यांनी स्वतःच्या वजनाइतकी, एकोणऐंशी किलो वाळू भरली, छोट्या छोट्या पिशव्यांतून, आणि त्याला गाडीत बसवलं. ताई त्याला धाकटे भावजी म्हणायची. चहा ओतताना विचारायची, "यांना साखर किती?"

मागच्या वर्षी थंडी संपताना भावजी काट्यावर उभे राहिले तर शहात्तर भरले. तीन किलो कमी. कसरत नाही, उपास नाही. उलट ताईची तक्रार होती की हे दोन माणसांचं जेवतात. त्यांनी धाकट्या भावजींची शिवण माझ्याकडून उसवून घेतली, तीन किलो वाळू काढली आणि गाडीचा तोल नव्याने साधला. पुढच्या ट्रॅकच्या दिवशी त्यांचा फेरा अर्ध्या सेकंदाने लवकर पूर्ण झाला.

मग सगळ्यांनीच त्यांना डोक्यावर घेतलं. ट्रॅकवर एक टपालवाले येतात, पिवळी गाडी घेऊन. ते म्हणाले, "मी वर्षभर खटपट करून गाडीतून चार किलो काढले, मास्तर. तुम्ही घरबसल्या खात-पीत तीन काढलेत. नशीबवान आहात." भावजींनी मान डोलावली. मी पोशाख कमरेत आवळून दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा आवळला, आणि धाकट्या भावजींमधून आणखी सहा किलो वाळू काढली. "असंच चाललं तर पुढच्या वेळी पोरांच्या मापाचं कापड घेऊन या," मी म्हटलं, आणि आम्ही तिघंही हसलो. ते हसणं आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

कारण दिसत सगळं होतं. त्याआधीच्या कडाक्याच्या थंडीतही ते खिडक्या उघडून बसायचे. कपाळ सतत ओलं. एका दंतवैद्याने एकच कवळी दोनदा परत पाठवली, दात ओळीत नाहीत म्हणून. असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. "चष्म्याचा नंबर बदललाय," ते म्हणाले. आम्ही मान्य केलं. आम्हाला सगळ्यांना गाडीची भाषा इतकी अंगवळणी पडली होती की वजन कमी झालं म्हटलं की आमच्या तोंडून आपोआप "वा" निघायचं.

वसंतातल्या एका रविवारी मी धाकट्या भावजींची शिवण पुन्हा उसवायला गॅरेजमध्ये बसले होते. ताई दारात उभी राहून उत्तरपत्रिका चाळत होती. भावजी काट्यावरून उतरले आणि म्हणाले, "अडुसष्ट." आवाज खूश होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी आणखी दोन किलोंच्या पिशव्या काढल्या आणि कोपऱ्यातल्या लोखंडी बादलीत टाकल्या. भावजी काही फेकून देत नाहीत. आतापर्यंत काढलेली सगळी वाळू त्याच बादलीत होती. बादली पायात येत होती म्हणून एका हाताने बाजूला करायला गेले, तर हलली नाही. दोन्ही हातांनी उचलली, दोन पावलं गेले आणि खाली ठेवली.

अकरा किलो. एवढे भावजी त्या बादलीत होते.

आमचे वडील असेच आटत गेले होते. तेव्हा मी लहान होते, पण त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला ताईने खिळा ठोकून नवी भोकं पाडलेली मला आठवतात. एक, मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्या भोकानंतर पट्टा लागलाच नाही. आणि आता मी माझ्या हाताने पोशाख दोनदा आवळून दिला होता, वर विनोदही केला होता. मी ताईकडे बघितलं. ती बादलीकडेच बघत होती. उत्तरपत्रिका तिच्या हातातून खाली घसरल्या होत्या आणि तिने उचलल्या नव्हत्या.

मग मी भावजींवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "हे तुमच्या गाडीचं वजन नाही, तुमचं आहे. माणूस कमी होतोय आणि आम्ही वेळ मोजतोय. तुम्हाला एवढंही कळत नाही?"

ते गाडीच्या काठावर टेकले. हात मांडीवर ठेवले, तरी बोटं थरथरत होतीच. "कळतं," ते म्हणाले. "कवळीत दात बसवताना हात थांबत नाही, ते मला नाही तर कुणाला कळणार? रात्री छाती इतकी धडधडते की उशीत ऐकू येते. लग्नाआधी तुमच्याकडे यायचो तेव्हा तुमच्या वडिलांचं आजारपण मी जवळून बघितलंय. डॉक्टरांकडे गेलो असतो तर त्यांनी काहीतरी नाव सांगितलं असतं. इथे मात्र प्रत्येक किलो कमी झाला की सगळे शाबासकी देत होते. तेवढा वेळ ती चांगली बातमी असायची. मला ती चांगली बातमी हवी होती गं."

ताईने आत जाऊन त्यांचा कोट आणला आणि त्यांच्या अंगावर घातला, लहान मुलाला घालतात तसा, एकेक हात धरून. कोट खांद्यांवरून खाली लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, गळा चाचपला, हात पुढे धरायला लावले आणि रक्त तपासायला पाठवलं. अहवालाला चार दिवस लागणार होते. त्या चार दिवसांत मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ताई शाळेत जात होती, पोरांना अपूर्णांक शिकवत होती आणि घरी येऊन स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून रडत होती. भावजी मात्र गॅरेजकडे फिरकले नाहीत. मागच्या खोलीत बसून एका म्हाताऱ्या बाईंची कवळी करत होते. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून, एकेक दात. तीन दिवस लागले, पण कवळी परत आली नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. गळ्यातली एक ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करत होती. सगळं शरीर त्यामुळे धावत सुटलं होतं, बसल्या जागी. "तुम्हाला जी भीती वाटत होती, ते हे नाही," त्या म्हणाल्या. "पण आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर हृदयाने हात टेकले असते. गोळ्या नियमित. आणि मी सांगेपर्यंत गाडी जोरात चालवायची नाही."

भावजींनी विचारलं, "म्हणजे इंजिन नुसतं उभ्या गाडीत फुल जोरात चाललं होतं?"

"तसंच समजा," त्या म्हणाल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ताई बसली ती बराच वेळ उठली नाही. भावजी तिच्या शेजारी बसले. मी पलीकडच्या झाडाकडे बघत उभी राहिले, कारण माझंही तोंड बघण्यासारखं नव्हतं.

गोळ्यांनी काम केलं, पण सावकाश. हात थांबले, मग घाम थांबला, मग रात्रीची झोप आली. वजन सगळ्यात शेवटी आलं. बरोबर अकरा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, आणि आम्ही तिघं ट्रॅकवर गेलो. भावजी त्या दिवशी ब्याऐंशी किलो भरले होते. त्यांच्या आयुष्यात इतके ते कधीच भरले नव्हते.

सकाळ थंड होती. ते गाडीत उतरले, हेल्मेट घातलं आणि गेले. ताई नेहमीसारखी कठड्याशी घड्याळ घेऊन उभी राहिली, मी तिच्याजवळ. हिरवी गाडी लांबच्या वळणावर दिसली, झाडांमागे गेली, पुन्हा दिसली आणि आमच्या समोरून सुरकन निघून गेली. ताईने घड्याळ दाबलं. आजारात काढलेल्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा अडीच सेकंद जास्त. एवढ्या मोठ्या फरकाने ग्रॅममास्तर कधी मागे पडले नव्हते.

ताईने तो आकडा मोठ्याने वाचला आणि वाचताना तिचा आवाज फुटला. टपालवाले पलीकडेच उभे होते. त्यांना वाटलं, बाईंना वाईट वाटलं. भले गृहस्थ ते, लगेच धीर द्यायला जवळ आले. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "मास्तर आहेत ते. अजून चार-पाच किलो कुठूनतरी काढतील."

"काही काढायचं नाही आता," ताई म्हणाली. तिचे डोळे गाडी गेली त्या वळणावर होते. "आहे तेवढं सगळं मला हवंय."