वासुदेवभाऊंची जीभ

एकाच शाळेतले मास्तर वर्षानुवर्षं एकत्र डबा खाऊ लागले, की किस्से साचतातच! ऐंशीच्या दशकात ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या शाळेत आम्ही तिघं होतो. मी, रामटेके गुरुजी आणि वासुदेवभाऊ. हसवणारे किस्से सगळ्यांना पाठ आहेत. हे दुसरे.

*

वासुदेवभाऊ बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले, बारके, काटेरी मासे खायचे. भातासकट घास तोंडात, वर गप्पा चालू, आणि ओठांच्या कोपऱ्यातून एकेक काटा साफ बाहेर! हात लावायचं काम नाही.

"भाऊ, काटे निवडाले तोंडात मानूस ठेवला का?" रामटेके विचारायचे.

"जिभेले सांगा लागत नाई, गुरुजी. तिचं तिले समजते!"

मग एका सकाळी फळ्यासमोरच ते कोसळले. लकवा. डावी बाजू गेली.

*

हातपाय हळूहळू हलू लागले, तोंड काही ताळ्यावर येईना. डॉक्टर म्हणाले, "जीभ बाहेर काढा." जीभ डावीकडं वळली.

"सरळ काढा ना भाऊ!" रामटेके ओरडले.

"सरळच हाय," भाऊ बोबडं बोलले.

डॉक्टरांनी समजावलं. जेवताना मेंदू जिभेला सारखा हुकूम सोडत असतो. घास दाढेखाली ढकल, दात मिटायच्या आत बाजूला हो, आता घशाकडं लोट. यांच्या मेंदूतली तीच जागा दुखावली आहे. घास डाव्या गालात अडकेल आणि यांना कळणारही नाही.

भाऊंनी एकच विचारलं, "उनाळ्यात पोरीचं लगन हाय. तवरी जमन का?"

"प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले.

*

चिमूरचे व्याही हौशी. त्यांनी आधीच बजावलं होतं, "इवाई संग बसल्याबिगर मी घास उचलत नाई!"

भाऊंनी धसका घेतला. "चारचौघांत तोंडातून भात सांडला, तर माह्या पोरीले, शोभाले, जनमभर टोमने आयकाव लागन."

*

शाळेत परत आल्यावर पहिल्याच डब्याला भाऊंनी जीभ चावली. भातावर रक्त.

"कोन शिव्या देऊन राह्यला भाऊ तुमाले?" रामटेकेंनी वातावरण हलकं करायला विचारलं.

"मीच," भाऊ म्हणाले. त्या दिवशी कोणीच डबा संपवला नाही.

*

डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. ओठांच्या डाव्या कोपऱ्याला गूळ लावायचा आणि जिभेनं चाटायचा. मधल्या सुट्टीत रामटेके गूळ लावायचे. खिडकीत पोरं गोळा होऊन सगळीच जिभा काढायची! भाऊ आधी हसले. मग गूळ वितळून कॉलरवर ओघळला, आणि डोळेही.

"राहू द्या, गुरुजी."

"काऊन राहू द्या? लगन तुमच्या पोरीचं हाय का माह्या?" रामटेकेंनी पुन्हा गूळ लावला.

*

लग्नाची पंगत बसली. भाऊ व्याह्यांच्या शेजारी. समोर आम्ही दोघं, नजर भाऊंच्या तोंडाकडं. भाऊ छोटे घास घेत होते, उजवीकडनं चावत होते. एक शीत सांडलं नाही!

"इवाई, आनखी घ्या ना!" व्याही खूश.

रामटेकेंनी माझ्या मांडीवर थाप मारली. "जितला गडी!"

पाठवणीला बस उभी राहिली. शोभा पाया पडली. भाऊंना तिला काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्दांच्या आधी शितं ओठांवर आली. पंगतीतला भात डाव्या गालात तसाच होता. भाऊंना पत्ताच नाही. ते बोलायला बघतच होते. व्याही, वऱ्हाडी, सगळे बघू लागले.

शोभानं पदर खांद्यावर टाकला. सगळ्यांदेखत बापाच्या गालात बोट घालून भात काढला, हात नव्या शालूला पुसला आणि म्हणाली, "हं, आता बोला बाबा."