माझे कागद त्यांच्या कपाटात

"मॅडम, तुम्ही वाढायला नका थांबू. तुम्ही पत्रावळी उचला."

मुख्याध्यापक हळू आवाजात बोलले. हळू म्हणजे शेजारच्या चौघांनाच ऐकू जाईल इतपत.

पहूरजवळच्या मळ्यात लग्न होतं. आमच्या शाळेच्या संस्थाध्यक्षांच्या मुलीचं. त्यांना सगळे आबासाहेब म्हणायचे. शिक्षक सगळे मांडवात राबत होते. कुणी वरण वाढत होतं, कुणी बट्टी.

मी विचारलं, "मीच का?"

"पाहुणे जुन्या वळणाचे आहेत. समजून घ्या."

समजलं. माझं आडनाव तेवढं समजायला पुरेसं होतं. मी एम.एस्सी., बी.एड. सहा वर्षं विज्ञान शिकवत होते. सहा वर्षं 'आज ना उद्या कायम करू' ऐकत होते. मी टोपलं घेतलं. सांगायला लाज वाटते. पण घेतलं.

दुसऱ्या पंगतीत माझ्या वर्गातली एक मुलगी आईजवळ जेवायला बसली होती. त्यांच्यापाशी वाकले तशी आई गडबडीनं उठली. "बाई, तुम्ही काहाले उचलता? राहू द्या." मुलीनं मान खाली घातली, उत्तर चुकलं की वर्गात घालायची तशी. चूक तिची नव्हती.

मी टोपलं तिथंच ठेवलं. हात धुतले. पुढची पंगत बसत होती, तीत जाऊन बसले.

गणिताचे सर वरणाची बादली घेऊन आले. रोज स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातलं लोणचं मागून खाणारा माणूस. त्यांनी माझ्या अलीकडच्या बाईला वाढलं. पलीकडच्या बाईला वाढलं. बादली माझ्या डोक्यावरून गेली. मग बट्टी गेली. मग वांग्याची भाजी.

मुख्याध्यापक धावत आले. "उठा मॅडम. शोभत नाही."

"पंगत उठली की उठेन."

रिकाम्या पत्रावळीसमोर बसून राहिले. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत. त्या वेळात मला सहा वर्षं लख्ख दिसली.

सोमवारी राजीनामा दिला. मूळ प्रमाणपत्रं मागितली. नेमणुकीच्या वेळी संस्थेनं ती आपल्या कपाटात ठेवून घेतली होती. दहावीपासून बी.एड.पर्यंत सगळी. क्लार्क म्हणाला, "आबासाहेबांच्या नावानं माफीचं पत्र द्या. कागद घेऊन जा."

मी पेन उघडलं. 'आदरणीय' लिहिलंसुद्धा. पुढं हात चालेना. कागद फाडला आणि बाहेर पडले.

माझा बाप दोंडाईचाला मिरचीच्या गोदामात हमाल. मिरचीची धूळ छातीत भरून घेऊन त्यानं मला शिकवलं. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "नोकरी शे ना? मंग इज्जत काय पाहस?"

त्याला असं विचारायचा हक्क होता.

मागे एकदा शाळेच्या बोअरची मोटर जळाली होती. ती घेऊन मी पाचोऱ्याला नानांकडे गेले होते. नाना मोटरी भरायचे. जळालेली तार काढायची, खाचांमध्ये तांब्याची नवी गुंडाळायची. त्या दिवशी मी स्टुलावर बसून चार तास बघत होते. फळ्यावर खडूनं काढायची ती वीज, ते चुंबक, सगळं त्या खाचांमध्ये प्रत्यक्ष होतं. आमच्या शाळेत प्रयोगाला साधी वायर मिळायची नाही.

नोकरी सोडल्यावर तेच आठवलं. गेले.

"नाना, शिकवाल का?"

"मास्तरीणबाई, हात काळे होतील."

"होऊ द्या."

त्यांनी प्रमाणपत्र मागितलं नाही. बोटं बघितली. पण नाना काही देव नव्हते. पहिला महिना माझा चहाचा ग्लास वेगळा होता. एक दिवस मीच तो धुऊन त्यांच्या ग्लासांत ठेवला. नाना बघत राहिले. त्यानंतर वेगळा ग्लास निघाला नाही. शिकवताना मात्र त्यांनी हातचं काही राखलं नाही.

पहिली मोटर एकटीनं भरली आणि चालू केली. एकसारखा, गोल आवाज. तिच्यावर तळवा ठेवून कितीतरी वेळ उभी राहिले. हे काम माझं होतं. कुणाच्या मेहरबानीचं नव्हतं.

आता धुळ्यात माझं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, विचारतं, "कारागीर कुठं गेला?" मी म्हणते, "मीच." काही जण मोटर परत गाडीत टाकतात. काही आधी आडनाव विचारतात, मग टाकतात. बाकीच्यांच्या विहिरीतलं पाणी माझ्या हातानं वर येतं.

परवा क्लार्कचा फोन आला. "आबासाहेब म्हणतात, झालं गेलं सोडा. दोन ओळी लिहून द्या, कागद पाठवतो."

"त्या कपाटात अजून किती जणांचे आहेत?" मी विचारलं.

तो म्हणाला, "असतील दहा-बारा. ते काही बोलत नाहीत."

शाळेत शिकवणाऱ्या आणि सोडून गेलेल्या सगळ्यांना मी फोन केले. गणिताच्या सरांनाही. त्यांचेही तिथंच आहेत. तक्रारीवर सही द्यायला कुणी तयार नाही. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, माझा नंबर डिलीट करा."

मी तक्रार लिहिली आहे. उद्या दुकान बंद ठेवून जळगावला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते आहे. खाली सही माझी एकटीची आहे. मागणी कपाटातल्या सगळ्या कागदांची आहे. माझे एकटीचे दिले, तर मी घेणार नाही.