सापाची फांदी

श्रावणात लोणावळ्याला माझ्या जोड्यांना, ट्रंकेला, कमरेच्या पट्ट्यालाही बुरशी यायची. मी ती फडक्यानं पुसून मोकळा व्हायचो. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात रोज दिसणारा गारुडी मात्र सापाच्या टोपलीतली फांदी उकळत्या पाण्यात बुडवायचा, काथ्यानं घासायचा आणि भट्टीजवळ वाळवत बसायचा. मधूनच ती हुंगायचा, मान हलवायचा आणि परत ठेवायचा.

"एवढं कशाला?" एकदा मी विचारलं.

"बुरशीनं त्येच्या अंगाला फोड येत्यात, भाऊ. लय नाजूक हाय."

मी कुडकुडतोय हे बघून त्यानं घोंगडीचं एक टोक माझ्यावर टाकलं. छान ऊब आली. अर्धा चहा झाल्यावर मी सहज म्हणालो, "मग साप कुठंय आत्ता?"

"फांदी वाळंस्तवर पोटाशी घेतलाय. हलू नगा, आत्ताच निजलंय लेकरू."

माझी गाडी आली, थांबली आणि मला न घेता पुण्याला गेली.