रक्तात न सापडलेली खूण

"तुम्ही खाडीकडच्या ना? मग घरात शिव्यांशिवाय काय कानावर पडणार? मुलगी बोलेल कशी?"

रोह्याच्या बालरोगतज्ज्ञानं माझ्या बायकोला हे विचारलं. मांडीवर आमची साडेतीन वर्षांची लेक, पंख्याकडे बघत. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल होता. म्हणजे दोष आईचा. डॉक्टर हसले.

मीही हसलो.

ते हसू आजही ऐकू येतं. त्यांचं नाही, माझं.

मी हमरापूरचा. गणपतीच्या मूर्तींची आखणी करतो, म्हणजे डोळे रंगवतो. नजर द्यावी तर यानंच, असं लोक म्हणतात. अशा नजरसम्राटाची लेक कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती, हाकेला वळत नव्हती. मला दिसलं नाही? दिसत होतं. कारखान्यात ती आखणी न झालेल्या मूर्तींपाशी तासन्‌तास बसायची. मी डोळे रंगवले की उठून पुढच्या, बिनडोळ्यांच्या ओळीत. मी म्हणायचो, "बापाची चित्रकला आवडत नाय तिला." सगळे हसायचे.

रोह्याहून आलो आणि बायको बदलली. धरमतरकडच्या मिठागरावर वाढलेली बाई. "ये गो बाय, जेवाला चल" म्हणणारी. ती पुस्तकासारखं बोलू लागली. "बाळ, तुला जेवायचे आहे का?" मग तेही थांबलं. घरात दोघी गप्प.

वर्षभरानं मुंबईला सरकारी रुग्णालयात एक डॉक्टरीणबाई लेकीसोबत फरशीवर बसल्या. बराच वेळ नुसत्या बघत. मग म्हणाल्या, "स्वमग्नता आहे. याची खूण रक्तात सापडत नाही अजून. मुलाकडे बघूनच ओळखावी लागते. आईच्या बोलण्यानं हे होत नाही."

बायको माझ्याकडे वळली. "मंग तुमी त्या दिवशी हसलात कशाला?"

मी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला निदानाचा कागद घडी करून खिशात घातला.

तो कागद घेऊन मी रोह्याला गेलो. डॉक्टरांनी वाचला. "असेलही. पण घरचं वातावरण..." म्हणाले आणि हसले. माझ्या हसण्यासाठी थांबले.

मी हसलो नाही. "तुम्ही रिपोर्ट बघितलात. पोरीकडं एकदा पण बघितलं नाय. माझ्या बायकोची माफी मागा."

"बाहेर व्हा."

झालो.

माफी त्यांनी मागितली नाही. बायकोकडे मीही अजून मागितलेली नाही. मागितली तर ती देऊन टाकील, आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही. ते हसू कानात राहू दे. ते आहे तोवर मी पुन्हा कुठल्याही साहेबाच्या खुर्चीसमोर हसणार नाही.