अण्णांचा निरोप मी जसाच्या तसा सांगितला

मंडळी, आज माझ्या हातून घोळ झालाय.

माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि वरच्या मजल्यावरचे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे सदूकाका, सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप आई पोचवते. आज ती सांबऱ्याला मावशीकडं गेलती, म्हणून अण्णांनी मला सांगितलं, "टाकी भरली. मोटर बंद कर म्हणावं त्याला."

मी वर जाऊन तेच शब्द सांगितले.

काकांनी मोटर बंद केली. मग विचारलं, "एवढंच? रोज 'सदूला सांग' म्हणतोय की अण्णा."

"न्हाय, एवढंच म्हणाले." शाळेत शिकवते मी, खोटं कशाला बोलू?

दुपारी चहा घेऊन गेले, तर काकांनी नको म्हणून परत पाठवलं.

संध्याकाळी आईला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. "अगं, सात वर्षांत ह्यांनी भावजींचं नाव काढलेलं न्हाय. ते सदू मी पदरचं घालते."

"आणि काका विचारतात ते, 'अण्णा जेवला काय'?"

"ते पण."

तुमच्या घरात हे काम कोण करतं? आमची आई आत्ताच अण्णांचा निरोप घेऊन वर गेलीय. अण्णा अजून बाजारातनं आलेलेच न्हाईत.