सहदेवचं लांबलेलं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या त्या चाळीत देवापुढे गाऱ्हाणं घालावं ते सहदेवनंच. पूजा असो नाहीतर गणपती, तो एका दमात देवाला सगळं ऐकवायचा आणि थांबला की मंडळी 'होय महाराजा!' म्हणून मागणं पक्कं करायची. गिरणीत पंचवीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली, संपात नोकरी गेली, तरी हा मान सुटला नव्हता. आणि विडीही.

शहाऐंशी साली शेजारच्या लवूच्या पूजेत मात्र घोळ झाला. "बा देवा महाराजा, ह्या लवूच्या घरात आजारपण, भांडणतंटो, करणी..." इथं सहदेवचा दम संपला. तो थांबला, तशी मंडळी सवयीनं ओरडली, "होय महाराजा!"

'दूर कर' राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी लवूची बायको शकु मोरीत घसरली आणि लवू दारात हजर. "माजी वाट लावलंस रे सहदेवा! गणपतीचा गाऱ्हाणा आता मी घालतलंय."

सहदेवला हे फार लागलं. बायको रुक्मिणीनं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काडी पेटवून वीतभर लांब धरली. म्हणाले, "तोंड उघडं ठेवून विझवा." सहदेवनं तीनदा फुंकलं, ज्योत तशीच. काडी फुकट कशाला घालवायची, म्हणून त्यानं खिशातली विडी काढून तिच्यावरच पेटवली.

डॉक्टरांनी ती हिसकावून घेतली. मग छातीचा फोटो काढवला. "धूळ आणि विडीनं श्वासाच्या नळ्या आवळल्यात. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा." विडी बंद, तोंडात मारायचा फवारा, आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा.

विडी सुटली. पण गाऱ्हाण्याचं काय? रुक्मिणीनं देव्हाऱ्यातली घंटा उचलली आणि चाळीला बजावलं, "गाऱ्हाणा हेच घालतले. पण ही वाजल्याबिगर कोणी होय म्हणूचा नाय!"

गणपतीत सहदेव दोन शब्द बोले, चंबू करून श्वास सोडी, पुन्हा दोन बोले. पाऊण तास झाला, मोदक गार पडले, पोरं पेंगली. लवू डोळे वटारून एकेक शब्द तपासत होता.

शेवटी सहदेवनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलं. "ह्या सहदेवाचो दम..."

पुढचा श्वास येईना. त्यानं चंबू केला, छाती धरली. रुक्मिणीनं घंटेचा लोळा मुठीत धरून ठेवला. मंडळींनी 'होय' ओठांवरच रोखून धरलं.

"...वीस वर्सा टिकव रे महाराजा!" लवू ओरडला.

रुक्मिणीनं घंटा बडवायला घेतली, ती थांबवेचना.